माहितीपट कोणाचा? : ‘क्या हुआ इस शहर को?’ची समीक्षा

माहितीपटाची चर्चा बहुधा दिग्दर्शकाच्या नावापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. दीपा धनराज दिग्दर्शित ‘क्या हुआ इस शहर को?’ (१९८६) या हैदराबादवरील माहितीपटाच्या बाबतीत हा दृष्टिकोन अपुरा ठरतो.

१६ ऑगस्ट १९८४ रोजी आंध्र प्रदेशातील एन. टी. रामाराव यांचे सरकार बरखास्त होऊन एन. भास्करराव मुख्यमंत्री झाले. १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा सत्तेवर आले. या सत्तासंघर्षाच्या काळात हैदराबादेत जमातवादी दंगली उसळल्या आणि संचारबंदी लागू झाली. धार्मिक मिरवणुकांचा राजकारणासाठी होणारा वापर आणि त्याची किंमत मोजणारी जुन्या शहरातील कुटुंबे, हा सदर माहितीपटाचा विषय आहे.

अशा विषयात दिग्दर्शकाचे पहिले काम दृश्य रचण्याचे नसून विश्वास मिळवण्याचे असते. तो विश्वास बाहेरून आलेल्या चमूला एकट्याने मिळत नाही. येथे ‘हैदराबाद एकता’ हा नागरिक गट निर्मितीत सहभागी होता. समाजवादी विचारवंत व इंग्रजीचे प्राध्यापक केशवराव जाधव यांचाही त्यात वाटा होता. मात्र ज्याच्या ओळखीने घराचे दार उघडते, त्याची भूमिकाही चित्रपटात उतरते. सलोख्यासाठी झटणाऱ्यांनी दाखवलेले हे शहर आहे, हे प्रेक्षकाने लक्षात ठेवले पाहिजे. हा दोष नव्हे. ती या चित्रपटाची उघड बाजू आहे.

कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. मणी कौल यांच्या ‘दुविधा’चे (१९७३) छायालेखनही त्यांचेच. कथापटात चौकट ठरवून दृश्य घेता येते. तणावाखालील वस्तीत मात्र कोठे उभे राहायचे आणि कॅमेरा केव्हा खाली ठेवायचा, हाही छायालेखकाचाच निर्णय असतो. संकलनाची जबाबदारी याहून सूक्ष्म आहे. मिरवणुकीच्या दृश्यानंतर विधवेचे कथन ठेवणे आणि कथनानंतर मिरवणूक ठेवणे, यांतून दोन भिन्न अर्थ निघू शकतात.

ही सामूहिक पद्धत अचानक आलेली नव्हती. धनराज व कॉन्ट्रॅक्टर हे आभा भैया व मीरा राव यांच्यासह १९८० मध्ये स्थापन झालेल्या ‘युगांतर’ गटात होते. पुण्यातील घरकामगार स्त्रियांवरील ‘मोलकरीण’ (१९८१), निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरील चित्रपट (१९८२) आणि हैदराबादच्या ‘स्त्री शक्ती संघटना’सोबत केलेला तेलुगू लघुपट ‘इदी कथा मात्रमेना’ (१९८३) यांत संघटित स्त्रिया केवळ विषय नव्हत्या, सहनिर्मात्या होत्या.

तथापि, संघटनेचे बळ असलेली कामगार स्त्री आणि दंगलीत सर्वस्व गमावलेली साक्षीदार यांची स्थिती समान नाही. चित्रीकरण संपल्यावर चमू परत जातो. साक्षीदाराला त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहावे लागते. चित्रपटातील सर्वांत मोठी जोखीम तोच पत्करतो, पण श्रेयनामावलीत त्याच्या कामाला नाव नसते. माहितीपट या विधेचीच ही उणीव होय. आणि सदर चित्रपट तिला पूर्णतः अपवाद आहे, असे म्हणता येत नाही.

कालांतराने आणखी एक भूमिका या निर्मितीला जोडली गेली. २०१३ मध्ये बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेने या माहितीपटाचे डिजिटल पुनरुज्जीवन केले. हैदराबादची स्मृती जपण्याचे काम परदेशी अभिलेखागाराला करावे लागले, ही बाब येथील शिक्षणसंस्थांनी विचारात घ्यावी अशी आहे.

महाविद्यालयात हा माहितीपट दाखवताना ‘दंगल कोणी घडवली?’ हा प्रश्न येणारच. त्याच्या जोडीला ‘हे आपल्याला कोण सांगत आहे, आणि कोणाच्या भरवशावर?’ असेही विचारले जावे. शीर्षकातील प्रश्न दिग्दर्शकाचा जितका आहे, तितकाच त्या शहरात मागे राहिलेल्यांचा आहे.