वॉलनट स्ट्रीटचा पूल : चॅटनूगाच्या पुनरुज्जीवनाची एक समीक्षा

अमेरिकेच्या दक्षिण भागातील मध्यम आकाराच्या शहरांचा विचार करताना टेनेसी राज्यातील चॅटनूगा या शहराचे उदाहरण वारंवार पुढे करण्यात येते. २०२० च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे १ लक्ष ८१ हजार होती. १९६९ साली संघराज्य शासनाच्या अहवालात येथील हवा देशातील सर्वांत दूषित हवांपैकी एक ठरली. पुढे कारखाने बंद पडू लागले आणि शहराचा मध्यभाग ओस पडत चालला. अशा शहराने दोन-तीन दशकांत आपला नदीकाठ सजवून नवे जीवन प्राप्त करून घेतले, ही हकीकत खरीच कौतुकास्पद आहे. तथापि ती ज्या रीतीने सांगितली जाते, त्या रीतीचे परीक्षण होणे अगत्याचे आहे. कारण नगरविकासाचे यश कशाने मोजावे, हा मूलभूत प्रश्न तीत गुंतलेला आहे.

रूढ कथन थोडक्यात असे : १९८४ साली 'चॅटनूगा व्हेंचर' या संस्थेने 'व्हिजन २०००' हा उपक्रम हाती घेतला. शहर कसे असावे, याविषयी शेकडो नागरिकांना जाहीर सभांतून आपली मते मांडावयास सांगण्यात आले. त्यानंतर १९९२ साली टेनेसी नदीच्या काठी मोठे मत्स्यालय उघडले. १८९१ साली बांधून झालेला आणि १९७८ साली वाहनांस बंद केलेला वॉलनट स्ट्रीटचा पोलादी पूल पाडून न टाकता दुरुस्त करण्यात आला व १९९३ साली केवळ पादचाऱ्यांसाठी खुला झाला. मोटारीच्या सोयीसाठी शहरे चिरून काढणाऱ्या देशात पूल पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन करणे, ही नागरी रुचीची मोठीच उंची होय. हे श्रेय कोणी नाकारू नये.

परंतु हाच पूल आणखी एका इतिहासाचा साक्षी आहे. १८९३ साली आल्फ्रेड ब्लाउंट आणि १९०६ साली एड जॉन्सन या दोन कृष्णवर्णीयांना जमावाने तुरुंगातून ओढून आणून याच पुलावर फासावर लटकावले. जॉन्सनच्या शिक्षेस सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली असतानाच, १९ मार्च १९०६ च्या रात्री, हे कृत्य घडले. न्यायालयाने शेरीफ शिप व त्याचे काही साथीदार यांना १९०९ साली न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरविले. त्या न्यायालयाच्या इतिहासातील हा एकमेव फौजदारी खटला मानला जातो. जॉन्सनची मूळ दोषसिद्धी मात्र २००० साली रद्द झाली, आणि पुलाच्या दक्षिण टोकाशी त्याचे स्मारक उभे राहावयास २०२१ साल उजाडावे लागले. म्हणजे पूल पादचाऱ्यांना खुला झाल्यानंतर २८ वर्षांनी त्याच्या स्मृतीस तेथे जागा मिळाली. जेरोम मेडोज या शिल्पकाराने जॉन्सनसमवेत त्याचे वकील नोआ पार्डन व स्टाइल्स हचिन्स यांचे पुतळे घडविले आहेत. कायद्याच्या मार्गाने लढणाऱ्यांना या स्मारकात मिळालेले स्थान त्याच्या अर्थाला वेगळे वजन देते.

यावरून पुनरुज्जीवनाचे सारे कार्यच दांभिक होते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. आमचा आक्षेप निराळा आहे. १९८४ च्या सभांना रूढ कथनात लोकसहभागाचे शिखर मानले जाते. वस्तुतः सभेत मत विचारले जाणे आणि निर्णयात मत असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. सभा बोलावणारा जो, तोच ऐकावयाचे की नाही हे ठरवितो. मताधिकार मात्र कोणाच्या सौजन्यावर अवलंबून नसतो.

चॅटनूगामध्ये त्या काळी १९११ पासूनची आयोगपद्धती चालू होती. पाच आयुक्त संपूर्ण शहराच्या मतांनी निवडले जात. शहरातील सुमारे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय असूनही त्यांच्यापैकी आयोगावर निवडून आलेली पहिली व्यक्ती म्हणजे १९७१ साली विजयी झालेले जॉन फ्रँक्लिन. शहरात न राहणाऱ्या मालमत्ताधारकांनाही मत देण्याची मुभा सनदेत होती. काही कृष्णवर्णीय नागरिकांनी १९८७ साली दावा दाखल केला. १९८९ साली संघराज्याच्या न्यायालयाने ही निवडणूकपद्धती १९६५ च्या मताधिकार कायद्याचा भंग करणारी ठरविली. १९९० पासून नऊ प्रभागांतून निवडलेले नगरमंडळ व स्वतंत्र महापौर अशी व्यवस्था आली. मत्स्यालयाची नवलाई वर्णिणाऱ्या लेखनात या निकालास एखादी ओळही क्वचितच मिळते. नागरी जीवनाच्या दृष्टीने मात्र तो मत्स्यालयाच्या बरोबरीने, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा आहे.

येथे असा प्रतिवाद संभवतो, की कायद्याने प्रभाग दिले तरी शहराला पैसा व कल्पकता यांचीच निकड होती, आणि ती खाजगी दात्यांनी व 'रिव्हर सिटी कंपनी'सारख्या ना-नफा संस्थेने भागविली. हा प्रतिवाद निराधार नाही. तथापि त्यातूनच खरी अडचण दृष्टीस पडते. प्रभागातून निवडून आलेल्या प्रतिनिधीचे मत नगरमंडळात चालते. धर्मादाय निधीच्या विश्वस्तांच्या बैठकीत ते चालत नाही. शहराचा नदीकाठ जर मुख्यतः त्या बैठकीत आकार घेत असेल, तर १९८९ साली मिळालेला अधिकार शहरातील सर्वांत देखण्या जागेच्या उंबरठ्यावरच थांबतो. याआधी, विसाव्या शतकाच्या मध्यास, नूतनीकरणाच्या नावाखाली वेस्टसाइड भागातील जुनी वस्ती हटवून कॅमेरॉन टेकडीचा माथा कापण्यात आला होता. त्या वेळी निर्णयापासून दूर ठेवले गेलेल्या लोकांचा अनुभव पाहता, ही शंका केवळ तात्त्विक नाही.

म्हणून अशा शहरांच्या अभ्यासकाने बागा, पूल व वस्तुसंग्रहालये यांच्या नकाशासोबत त्या शहराची सनद, मतदारसंघांच्या सीमा आणि विश्वस्तमंडळांच्या याद्याही टेबलावर मांडाव्यात. वॉलनट स्ट्रीटचा पूल आज सर्वांना सारखाच खुला आहे, ही लहान उपलब्धी नव्हे. त्याच्या काठावर पुढे काय उभारावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार तितकाच खुला आहे काय, या प्रश्नाच्या उत्तरावर चॅटनूगाच्या पुनरुज्जीवनाचे अंतिम मूल्य अवलंबून राहील.