छोट्या टॅब्लेटचा फसवा कर्ण

टॅब्लेटचा पडदा किती इंची, असे आपण विचारतो. हे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. प्रवासात टिपणे घेण्यासाठी छोटा टॅब्लेट निवडताना केवळ हा आकडा पाहिला, तर फसगत होते.

२०१२ साली आलेली दोन यंत्रे पाहू. नेक्सस ७ चा कर्ण ७ इंच, बाजूंचे गुणोत्तर १६:१०. आयपॅड मिनीचा कर्ण ७.९ इंच, गुणोत्तर ४:३. कर्णांतील फरक एक इंचाहूनही कमी. पण पायथागोरसच्या सिद्धान्ताने बाजू काढल्या, तर क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे २२ व ३० चौरस इंच येतात. म्हणजे मिनीवर एक तृतीयांशाहून अधिक जागा! टॅब्लेट आडवा धरून लिहू लागले, की कळफलक पडद्याचा मोठा भाग व्यापतो. नेक्ससवर मग मजकुराला अरुंद पट्टीच उरते. शिवाय मिनी वजनालाही हलका: ३०८ ग्रॅम, नेक्सस ३४० ग्रॅम.

मात्र मिनीच्या मोठ्या पडद्यावर चित्रबिंदू १०२४ × ७६८, तर नेक्ससच्या लहान पडद्यावर १२८० × ८००. बारीक टाइपातील जोडाक्षरे, रफार वाचताना हा फरक डोळ्यांना जाणवतो.

म्हणून वाचनासाठी नेक्सस, लेखनासाठी मिनी, असा आमचा कौल. ही यंत्रे आता मागे पडली; कसोटी मात्र तीच आहे. शाळेसाठी टॅब्लेट घेताना कर्ण, गुणोत्तर आणि चित्रबिंदू हे तिन्ही आकडे विचारावेत, आणि क्षेत्रफळाचे गणित दहावीच्या वर्गालाच सोडवू द्यावे. खरेदी डोळसपणे होईल आणि पायथागोरसचा सिद्धान्त नुसता पाठ न होता उमजेल.