वेदीपासून ओट्यापर्यंत

धर्मगुरूचे लेखन म्हटले की आपल्या मनात प्रथम उभे राहते ते प्रवचन. प्रवचनाची एक सोय असते. श्रोता बाकावर बसलेला असतो, मिस्सा संपल्याशिवाय तो उठत नाही आणि उलट प्रश्नही विचारीत नाही. लेखाचे तसे नाही. वाचक केव्हाही पान उलटू शकतो. म्हणूनच जो धर्मगुरू वेदीवरून उतरून वाचकाच्या ओट्यावर येऊन बसतो, प्रवासाच्या, खेळाच्या, शेतीच्या आणि निवडणुकीच्या गप्पा करता करता श्रद्धेची गोष्ट काढतो, त्याला आपला अधिकार दाराबाहेर ठेवूनच आत यावे लागते. मराठीत हे धाडस सातत्याने करणारे लेखक म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव घ्यावे लागेल. 25 जुलै 2024 रोजी ते निवर्तले. आदरांजलीचे लेख येऊन गेले. आता त्यांच्या लेखनाकडे थोड्या शांतपणे पाहता येईल असे वाटते.

फादरांचा जन्म 1942 साली वसईतील नंदाखाल येथे झाला, आणि 1972 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1983 ते 2007 या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. एखाद्या धर्मसमाजाचे नियतकालिक बहुधा त्या समाजाचा आरसा होऊन राहते. फादरांनी त्याची खिडकी केली. ख्रिस्तेतर लेखक त्यात लिहू लागले, ख्रिस्तेतर वाचक ते वाचू लागले, आणि पाणी, जमीन, भाषा, बोली हे विषय प्रार्थनेच्या शेजारी येऊन बसले. संपादकाला दर महिन्याला काहीतरी म्हणावेच लागते. फादरांच्या गद्याला जी बोलकी, नित्याच्या व्यवहारात रुळलेली लय आहे, तिचे मूळ मला या संपादकीय शिस्तीत दिसते.

आमच्या कसालच्या घरी ‘सुवार्ता’चे अंक वसईच्या नातेवाइकांकडून येत, बहुधा कोणाच्या तरी पिशवीतून, कपड्यांच्या घडीत. कसाल म्हणजे महामार्गावरून मालवणचा रस्ता जिथे फुटतो ते ठिकाण. येणारा-जाणारा इथे थांबतो, गाडी बदलतो आणि पुढे जातो. अंकही तसेच येत आणि शेजारी जात. घरात आम्ही मालवणी बोलत असू, प्रार्थनेत कोंकणी असे, आणि फादरांचे मराठी तिसऱ्याच अंगणातले होते. तरी ते परके वाटले नाही. स्वतः सामवेदी बोलीत वाढलेल्या माणसाने प्रमाण मराठी कमावलेली होती, वारशाने मिळालेली नव्हती. कमावलेल्या भाषेत माणूस शब्द जपून वापरतो. त्यांची वाक्ये आखूड आहेत, संस्कृत शब्दांचा भार बेताचा आहे, आणि ज्ञानोबा-तुकोबांचा उल्लेख येतो तो घरच्या वडीलधाऱ्यांचा यावा तसा. ख्रिस्ती माणसाचे मराठीपण सिद्ध करण्याचा आव त्यात नाही. ते गृहीत धरूनच लेख सुरू होतो.

त्यांच्या प्रवासलेखनाविषयी विशेष बोलले पाहिजे. ‘ओअॅसिसच्या शोधात’ आणि ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ ही शीर्षकेच पाहावीत. भाविक पवित्रभूमीला जातो तो बहुधा डोळे मिटण्यासाठी. बेथलेहेम, गालील, कालवारी यांपुढे तो गुडघे टेकतो आणि परततो. फादरांनी त्या भूमीच्या नावापुढे ‘संघर्ष’ हा शब्द ठेवला. ज्या मातीत येशूची पावले उमटली त्या मातीत आज कोण राहते, कोणाचे घर गेले, कोणाला भय वाटते, हे प्रश्न यात्रेकरूला टाळता येत नाहीत असा त्याचा अर्थ. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. तीही प्रवासाचीच गोष्ट आहे. तिच्यातले याजक आणि लेवी प्रवासी म्हणून चुकले नाहीत, ते ठरल्या वेळी मुक्कामी पोहोचले असतील. चुकले ते पाहण्यात. प्रवासवर्णनाची हीच कसोटी फादरांच्या लेखनालाही लावावी.

धर्मगुरूने अशा लौकिक विषयांत का शिरावे, असा प्रश्न आपल्याकडे अजून विचारला जातो. खेळाचेच घ्या. संत पौलाने आपल्या पत्रांत धावण्याच्या शर्यतीची आणि मुष्टियुद्धाची उपमा वापरली. ज्या करिंथकरांना तो लिहीत होता त्यांच्या शहराजवळच इस्थमियन क्रीडा भरत, त्यामुळे वाचकांना ती उपमा समजावून सांगावी लागली नाही. पोप दुसरे जॉन पॉल तरुणपणी फुटबॉलमध्ये गोलरक्षक होते आणि पोप झाल्यावरही बर्फावरून घसरण्याचा आपला छंद त्यांनी काही वर्षे राखला. लोकांच्या मैदानात उतरल्याशिवाय लोकांची भाषा हाती येत नाही, हे चर्चला पहिल्या शतकापासून ठाऊक आहे. मग मैदान चालते आणि ग्रामपंचायत चालत नाही, असे कसे?

इथे खरा वाद आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात फादर पुढे होते. विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाणे, वाड्यांच्या जागी इमारती उठणे आणि त्यामागची दहशत हे सारे त्यांनी बोलून दाखविले आणि लिहिले. त्या काळात आमच्या घरी एक वाक्य वारंवार ऐकू येई. वडील अंक मिटून म्हणत, “पाद्रीन राजकारणात कित्याक पडाचा?” त्यांचा फादरांवर राग नव्हता, उलट आदरच होता. म्हणूनच त्यांना वाटे की या माणसाने झगा मळवू नये.

पुढे 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. किनाऱ्यावरच्या जमिनीचे भाव बोलले जाऊ लागले. मग महामार्ग रुंद झाला, आणि आमच्या दारासमोरची, आजोबांच्या हातची झाडे गेली. त्या आठवड्यात वडिलांनी मला माळ्यावरचे जुने अंक काढायला सांगितले. दोन दिवस ते वाचीत बसले. मत बदलले असे ते म्हणाले नाहीत. एवढेच म्हणाले की, वसईचे आपण बातमी म्हणून वाचले होते, ते पत्र होते. समीक्षकाला याहून नेमके काही सांगता येईल असे मला वाटत नाही.

तथापि दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हा लेख स्तुतिपाठ होईल. फादरांमधला प्रवचनकार फादरांमधल्या ललित लेखकाला पुष्कळदा शेवटच्या परिच्छेदात गाठतो. प्रसंग जिवंत उभा राहिलेला असतो, वाचकाचे मन हललेले असते, आणि तेवढ्यात बोध येतो. तो खोटा नसतो, पण वाचकाने स्वतः काढायचा असतो. दुसरे असे की समन्वयाची त्यांना ओढ इतकी की दोन धर्मपरंपरांमधली साम्ये ते आनंदाने दाखवितात, आणि जिथे त्या खरोखर वेगळ्या होतात तिथे फार रेंगाळत नाहीत. मित्रत्वाला मतभेद सोसतो. तेवढा विश्वास त्यांनी वाचकावर टाकायला हवा होता असे वाटते.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या निवडीला विरोधाचे सूर उमटले. प्रकृती साथ देत नसतानाही ते तिथे गेले आणि हिंसेविरुद्ध, विचारस्वातंत्र्याच्या बाजूने स्पष्ट बोलले. ‘सुबोध बायबल’सारखे विद्वत्तेचे काम त्यांच्या नावावर आहेच. पण त्या व्यासपीठावर त्यांना नेले ते, माझ्या मते, वर्षानुवर्षे ओट्यावर बसून केलेल्या या लहान लहान गप्पांनी. आत्मचरित्राला त्यांनी ‘नाही मी एकला’ हे नाव दिले. ज्याने वाचकाला सोबती मानले त्यालाच ते नाव शोभते.

2005 साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला. आता आमचे धर्मग्राम आहेत, शाळा आहेत, शिकलेली मुले आहेत. आमच्या किनाऱ्याविषयी, आमच्या खाड्या, रस्ते, सण आणि भांडणे यांविषयी असे नित्याचे लेखन कोण करणार, हा प्रश्न मात्र उरतो. ते धर्मगुरूनेच करावे असे नाही. वडिलांनी काढलेले अंक मी पुन्हा माळ्यावर ठेवलेले नाहीत. ते ओट्यावरच्या फळीवर आहेत. गाडीची वाट पाहणारा कोणी पाणी प्यायला आत आला, तर चाळतो.