सुरेश भटांची गझल आणि आपण

सुरेश भट (१९३२-२००३) म्हटले की आधी गाणी आठवतात. 'सिंहासन' (१९७९) आणि 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटांमुळे, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींमुळे त्यांचे शब्द घरोघरी गेले. पण गायक गझलेतले तीन-चार शेर निवडतो, बाकीचे पुस्तकातच राहतात. म्हणून भटांना ऐकणारे पुष्कळ, वाचणारे थोडे.

अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपुरात अखेरचा श्वास घेतलेल्या या कवीने उर्दूकडून नेमके काय घेतले? मराठी गझलेची सुरुवात त्यांच्यापासून होत नाही. फारसीचे जाणकार माधव जूलियन यांचा 'गज्जलांजलि' १९३३ मध्येच आला होता. पण त्यातल्या बऱ्याच रचना एका भावनेच्या ओघात पुढे सरकतात. शेर स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. भटांनी हे मर्म ओळखले. साकी, बुलबुल, पैमाना हे सामान त्यांनी उचलले नाही. मतला, काफिया, रदीफ यांची शिस्त आणि शेराचे स्वातंत्र्य घेतले. आशय मात्र इथल्या उपेक्षिताचा, इथल्या रागाचा राहिला. 'रंग माझा वेगळा' (१९७४) आणि 'एल्गार' (१९८३) हे संग्रह त्याची साक्ष देतात.

ही शिस्त सोपी नव्हती. उर्दूत शायर बहर सांभाळताना 'का', 'से', 'मेरा' यांतला दीर्घ स्वर गरजेप्रमाणे गिरवतो, म्हणजे ऱ्हस्व उच्चारतो. भटांच्या मराठी गझलेत ही सवलत जवळजवळ नाही. लघु-गुरू काटेकोर मोजावे लागतात. तरीही त्यांची ओळ बोलल्यासारखी वाटते, हे त्यांचे खरे कसब. 'गझलेची बाराखडी' लिहून त्यांनी हे तंत्र नवोदितांच्या हाती दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. घायाळ पण न वाकणारा कवी हा 'मी' त्यांच्याकडे वारंवार येतो. उर्दूतही तअल्ली आहे, पण ती चवीपुरती शोभते. पुढे अनेक अनुयायांनी बाराखडी पाठ केली. भटांच्या अनुभवाची आच मात्र त्यांना लाभली नाही.

आता प्रश्न आपला. 'गझल आमची' असे आपण अभिमानाने म्हणतो. उर्दू शाळेत मीर-गालिब शिकवणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला तो अभिमान आहेच. पण आपली मुले बाजारात, कचेरीत मराठी बोलतात आणि मराठी कवितेला परकी समजतात, हे कसे चालेल? दुधगावच्या इलाही जमादारांनी (निधन २०२१) मराठीतच गझल लिहिली आणि मराठी रसिकांनी ती आपली मानली. भटांनी उर्दूचे दार ठोठावताना आपली बोली उंबऱ्याबाहेर ठेवली नव्हती. आपणही मराठीत येताना उर्दू टाकून येण्याचे कारण नाही.

नागपुरात रेशीमबागेत भटांच्या नावाचे भव्य सभागृह २०१७ पासून उभे आहे. स्मारक झाले. आता उर्दूच्या वर्गात गालिबशेजारी भटांचा एक शेर फळ्यावर यावा. दोन्ही भाषांचा त्यात फायदाच आहे.