वानरांचे राज्य आणि पाहुण्याचा एक तास

युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात गोरिलांचे दर्शन घेऊन परतलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपला प्रवासलेख अभिप्रायासाठी आमच्याकडे धरणगावी पाठविला. लेख वाचनीय आहे. चिखलाची चढण, अंगावर ओरखडे काढणारी झुडपे, आठ जणांची तुकडी आणि अखेर ओल्या पाल्यात बसलेला रुपेरी पाठीचा प्रचंड नर, हे सर्व त्याने डोळ्यांपुढे उभे केले आहे. परंतु तो नर मान वळवून पाहतो आणि लेखक लिहितो की, आपणांस आपला पूर्वज भेटला. घरच्या आजोबांसारखा तो प्रेमळ वाटला. येथे आम्ही थबकलो.

गोरिला हा आपला पूर्वज नव्हे, भाऊबंद होय. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी दोन्ही कुळांच्या वाटा फुटल्या. ही चूक सहज दुरुस्त होईल. आजोबांच्या उपमेतील दोष मात्र अधिक खोल आहे. उपमा सुचली की पाहणे थांबते, आणि पुढील सारे वर्णन त्या प्राण्याचे न राहता आपल्या घराचे होते.

या संदर्भात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या लहानशा पुस्तकात माणसाला जवळजवळ स्थानच नाही. आहे तो वानरांचा कळप, त्याचा मुलूख आणि नराने नरावर केलेली चढाई. नवा नर कळप जिंकतो आणि आधीच्या नराची पिल्ले मारतो. लेखक तेथे हळहळत नाही व धिक्कारही करीत नाही. हे निव्वळ कल्पनेचे क्रौर्य नव्हे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळच्या वानरांत हाच प्रकार १९६०च्या दशकात नोंदविला होता. माडगूळकरांनी असे सत्य कथेत आणले, पण त्याचे तात्पर्य सांगण्याचे टाळले. त्यांच्या कलेचे मर्म या संयमात आहे.

गोरिलांची कथाही याहून फार निराळी नाही. जॉर्ज शॅलर यांनी १९५९-६० मध्ये विरुंगाच्या डोंगरांत राहून गोरिला हा नरभक्षक राक्षस नसून शांत, पाला खाणारा प्राणी आहे हे जगास पटविले. हेच शॅलर पुढे आपल्या शेजारच्या कान्हा अरण्यात वाघांचा अभ्यास करावयास आले. परंतु १९६७ पासून डायन फॉसी यांनी रवांडात वर्षानुवर्षे ठाण मांडले, तेव्हा त्या शांत कळपांतही परका नर पिल्ले मारतो हे दिसून आले. शॅलर खोटे नव्हते. त्यांचा मुक्काम थोडा होता. मग एका तासाच्या पाहुण्याने ‘प्रेमळ’ हा निर्णय कोणत्या आधारावर द्यावा?

तास एकच असावा, याविषयी आमची यत्किंचितही तक्रार नाही. माणसाचे पडसे गोरिलास घातक ठरू शकते, आणि २०१९च्या अखेरीस जाहीर झालेल्या गणनेनुसार डोंगरी गोरिला अवघे १,०६३ होते. आमचे म्हणणे इतकेच की, तासाची मर्यादा लेखात दिसली पाहिजे.

पुढे भेटीत आम्ही त्याला विचारले, लिहिण्याचे काय टाळलेस? तो संकोचला. कळपात एका मादीचा पंजा तुटलेला होता. हरणांसाठी लावलेल्या फासात तो गेला असावा, असे वाटाड्याने सांगितले. ओझे वाहणारा मनुष्य बाट्वा जमातीचा होता. त्याचे वाडवडील याच रानात राहत. १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. “हे लिहिले असते तर वाचकांस उदास वाटले असते, सर,” तो म्हणाला.

हे ऐकून आम्हांस आमचाच वर्ग आठवला. बालकवींचा जन्म १८९० साली ज्या गावी झाला, तेथे निसर्ग म्हणजे आनंद असे समीकरण फार लवकर अंगवळणी पडते. बालकवींच्याच कवितेत दाटलेली उदासी मात्र आपण विसरतो. तरुण अध्यापक असताना आम्ही ‘सत्तांतर’ पिल्लांच्या हत्येपाशी मिटून ठेवले होते, आणि हे पुस्तक निष्ठुर आहे असे वर्गात सांगितलेही होते. ते ऐकणाऱ्यांत हा विद्यार्थी होता. त्याच्या लेखातील आजोबा कोठून आले, याचा शोध दूर घ्यावयास नको.

म्हणून अभिप्राय लिहिताना आम्ही प्रथम आपली चूक कबूल केली. मग पूर्वज आणि आजोबा ही दोन्ही वाक्ये खोडली, आणि समासात लिहिले की, तुटलेल्या पंजाची मादी व ओझे वाहणारा बाट्वा यांना लेखात जागा द्यावी. ती दोघे आल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. वाचक उदास झाला तरी बिघडत नाही. अरण्यात जाऊन तो खोटे समाधान घेऊन परतला, तर मात्र बिघडते.