'व्हेरी': खरेपणातून उमललेला जोर

'द व्हेरी मॅन' या तीन शब्दांतला मधला शब्द आपण क्षणभर जिभेवर घोळवून पाहू. 'व्हेरी' म्हणजे 'फार', हे आपण शाळेत पाठ केलेले. पण माणूस 'फार' कसा असेल? इथे हा शब्द माणसाला वाढवत नाही की सजवत नाही. हजारांच्या गर्दीतून नेमके त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणतो, 'हाच तो'. आपला एकाक्षरी 'च' नामाच्या पाठीला बिलगून जे करतो, तेच इंग्रजीतला हा शब्द नामाच्या आधी उभा राहून करतो.

ही नेमकेपणाची ताकद त्याच्या कुळातच आहे. लॅटिन 'वेरुस' म्हणजे खरा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तोही हाच अर्थ घेऊन. चौदाव्या शतकात चॉसरने 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेत आपल्या सरदाराला हे विशेषण दिले, ते 'खराखुरा' या अर्थाने. न्यायालयातला 'व्हर्डिक्ट' आणि कागदपत्रांचे 'व्हेरिफिकेशन' ही त्याचीच भावंडे, सत्याची शपथ वाहिलेली.

मग 'खरा'चा 'फार' झाला कसा? 'खरंच सुंदर' असे आपण म्हणतो, तेव्हा सौंदर्याची ग्वाही देता देता त्याची मात्राही नकळत वाढवतो. इंग्रजीतही तसेच घडले, आणि 'फुल', 'राइट' या जुन्या जोरदार शब्दांना मागे सारत सोळाव्या शतकापर्यंत 'व्हेरी' विशेषणांचा नित्याचा सोबती झाला. जर्मन भाषेतल्या 'फार'साठीच्या 'झेअर' या शब्दाच्या मुळाशी वेदना आहे. तिथे तीव्रता दुखण्यातून आली, इंग्रजीत ती सत्यातून आली. दोन भाषा एकाच उंचीवर किती वेगळ्या वाटांनी पोहोचल्या, हे पाहताना मन हरखून जाते.

आता त्याच्या वावरातली एक सूक्ष्म नजाकत न्याहाळू. 'व्हेरी टॉल' चालते, 'व्हेरी टॉलर' चालत नाही. तिथे 'मच' लागतो, कारण दोघांची तुलना म्हटली की अंतर मोजणे आले, आणि मोजमाप हा 'मच'चा प्रांत. 'द व्हेरी बेस्ट' मात्र डौलाने उभे राहते. सर्वोत्तमाला आणखी उत्तम कसे करणार? पण जो सर्वोत्तम आहे तो एकमेव आहे, आणि एकमेवाकडे बोट दाखवणे हे तर या शब्दाचे जुनेच व्रत! 'फ्रॉम द व्हेरी बिगिनिंग'मध्ये तो आरंभाच्या पहिल्या बिंदूवर बोट टेकवतो. 'द व्हेरी थॉट'मध्ये केवळ विचारानेच अंगावर काटा आणतो. आणि 'माय व्हेरी ओन'मध्ये आपलेपणाला असा काही बिलगतो, की एखाद्या लहान मुलाने छातीशी धरलेले पहिलेवहिले पुस्तकच डोळ्यांपुढे यावे.

जोर म्हणजे आवाज चढवणे, असे आपल्याला सहज वाटते. 'व्हेरी' मात्र आपल्याला जोराचे अधिक सात्त्विक रूप दाखवतो: वस्तू आहे तशी, आहे तिथे, नेमकी ओळखणे. एवढ्या निष्ठेने एखाद्या गोष्टीला 'हीच ती' म्हणता आले, की तिचे मोठेपण वेगळे सांगावे लागत नाही.