वाचलेले पाणी जाते कुठे?

पाणीबचतीचा धडा आला की ठिबक सिंचनाचे चित्र ठरलेले असते. पाटाने दिलेले पाणी वाया जाते, ठिबकने दिलेले वाचते. तेव्हा सर्वांनी ठिबक वापरावे म्हणजे टंचाई हटेल, असे आपण शिकवतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतील 'प्रति थेंब अधिक पीक' ही घोषणाही याच समजुतीवर उभी आहे. ठिबकला आमचा विरोध नाही. मात्र 'वाचते' या शब्दामागचा हिशेब एकदा फळ्यावर मांडून पाहायला हवा.

समजा, एका शेतकऱ्याने विहिरीतून १०० भाग पाणी उपसून पाटाने उसाला दिले. त्यातले ६० भाग पिकाने शोषून पानांवाटे हवेत सोडले. १० भाग ओल्या जमिनीवरून वाफ होऊन गेले. उरलेले ३० भाग मुळांच्याही खाली झिरपले. हे ३० भाग या शेताच्या दृष्टीने वाया गेले खरे, पण त्यातले बरेचसे खालच्या अंगाच्या विहिरींना आणि ओढ्याला मिळतात.

आता तेवढ्याच उसाला ठिबक बसवले. पिकाची गरज ६० भागांचीच राहिली. बाष्पीभवन ३ भागांवर आले, झिरपणे ४ भागांवर. उपसा ६७ भागांचा झाला. म्हणजे ३३ भाग वाचले? नाही. त्यातले २६ भाग पूर्वी भूजलात परत जातच होते. खरी बचत ७ भागांची.

शेतकरी इथे थांबत नाही, आणि त्याने का थांबावे? उरलेल्या पाण्यावर तो ऊस दीडपट करतो. उपसा पुन्हा १०० भागांच्या घरात जातो, पण आता सुमारे ९४ भाग हवेत जातात आणि जमिनीत परततात फक्त ६. त्याचे उत्पन्न वाढले. खालच्या शेजाऱ्याची विहीर मात्र लवकर आटली.

हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण प्रश्न काल्पनिक नाही. २०१८ साली क्वेंटिन ग्राफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात हाच विरोधाभास मांडला. सिंचनाची कार्यक्षमता वाढल्याने नदीखोऱ्यात इतरांसाठी जास्त पाणी उरते असे क्वचितच घडते. त्यासाठी पाण्याचा नीट जमाखर्च आणि वापरावर मर्यादा हवी, असे त्यांचे म्हणणे होते.

मर्यादा नेमकी इथेच अवघड आहे. आपल्यासारख्या देशांत लाखो खासगी विहिरी आहेत आणि बहुतेकींच्या उपशाचे मोजमाप होत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना आली. शेतकऱ्याला तिचा दिलासा आहेच. पण पंप बंद करण्याचे एक कारणही त्यामुळे कमी होते. सरकार नळ्यांना अनुदान देते, उपशाला लगाम घालत नाही.

ठिबकचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. मजुरी व खत वाचते, बहुधा उत्पादनही वाढते. सांगली-कोल्हापूर भागात अति पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. तिथे कमी पाणी देणे हा उपायाचा एक भाग आहे. आमचा आक्षेप एवढाच, की साधनाला धोरण समजले जाते.

याउलट, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने आधी वाटपाचा नियम केला आणि मग पाणी उचलले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनांनाही हक्क आणि उसाला बंदी. पाण्याचा हक्क जमिनीच्या आकाराशी न जोडता माणसांच्या संख्येशी जोडला गेला. हे नियम सर्वत्र पेलतील असे नाही. पण प्रश्न योग्य क्रमाने विचारला गेला.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गावातल्या ठिबक बसवलेल्या दहा शेतांवर जरूर पाठवावे. तीन गोष्टी विचारायला सांगाव्यात: ठिबकच्या आधी व नंतर बागायत किती होती, पीक कोणते होते, आणि पंप दिवसाकाठी किती तास चालतो. खालच्या अंगाच्या विहिरींची मे महिन्यातली पाणीपातळीही दोरीने मोजून ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या, म्हणजे आपल्या गावात पाणी वाचले की फक्त एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले, हे मुलांना स्वतःच्या आकड्यांवरून सांगता येईल.